धरणापासून संगमापर्यंत

पुण्याच्या वरच्या अंगाला चार धरणे आहेत. वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि या तिघांच्या खाली, शहराच्या दाराशी, खडकवासला, अवघे १.९७. बेरीज २९.१५. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर पाणी. एप्रिल-मे महिन्यांत पुणेकर हे आकडे रोजच्या पेपरात शोधतो, कारण पाणीकपात होणार की नाही ते त्यावर ठरते. जुलैमध्ये हीच बेरीज उलट्या बाजूने वाचायला हवी. ते मात्र आपण करत नाही. धरणे भरली की खणा-नारळाने ओटी भरायची आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की झेड पुलावर उभे राहून फोटो काढायचे, एवढाच आपला आणि मुठेचा पावसाळी संबंध.

या बेरजेतली खरी गोम शेवटच्या आकड्यात आहे. वरून येणाऱ्या पाण्याला शहराच्या आधी थोपवणारे शेवटचे भांडे खडकवासल्याचे आणि तेच सर्वांत लहान. सेकंदाला ३५ हजार घनफूट, म्हणजे ३५ हजार क्युसेक वेगाने पाणी येत राहिले, तर अगदी रिकामे खडकवासलाही सोळा तासांत काठोकाठ भरते. भर पावसाळ्यात ते रिकामे नसतेच. वरचे येणारे खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते. शहराचा पुरापासून बचाव धरणाच्या भिंतीपेक्षा दरवाजे केव्हा आणि किती उघडायचे या निर्णयावर आणि दरवाज्यांखालच्या पात्रात जागा किती उरली आहे यावर अवलंबून आहे. निर्णय जलसंपदा खात्याचा. पात्रालगतच्या बांधकामांच्या परवानग्या महापालिकेच्या. धरणे आणि शहर यांच्या मधल्या मोठ्या पट्ट्याचे नियोजन पीएमआरडीएचे, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. माणसे हलवायची वेळ आली की जिल्हाधिकारी, पोलीस, अग्निशमन दल आणि शेवटी लष्कर.

प्रत्येकाची हद्द ठरलेली आहे. पाण्याला हद्द नसते, हे वाक्य आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रत्येक बैठकीत कोणीतरी बोलतेच. बैठक संपली की जो तो आपल्या हद्दीत परत जातो.

१२ जुलै १९६१

पुण्याच्या बाबतीत हे सगळे सांगताना पानशेतला वळसा घालता येत नाही. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याच्या लोंढ्यापुढे खाली असलेले खडकवासल्याचे एकोणिसाव्या शतकातले दगडी धरणही टिकले नाही. दुपारपर्यंत नारायण, शनिवार, कसबा या पेठा, डेक्कनचा परिसर आणि नदीकाठच्या वस्त्या पाण्यात होत्या. मृतांचा आकडा आजही वादाचा विषय आहे.

त्या पुराला नैसर्गिक आपत्ती म्हणायचे का? पाऊस जोरदार होता, हे खरे. पण धरणाचे काम पुरे झालेले नव्हते. पाणी सोडण्याच्या मार्गाचे, म्हणजे विमोचकाचे, दरवाजे धडपणे चालत नव्हते आणि तरीही त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठू दिले गेले. विमोचकावरचा मातीचा भराव खचू लागला, तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यांनी मिळवून दिलेल्या काही तासांमुळेच धरण रात्री न फुटता दिवसाउजेडी फुटले आणि हजारो जीव वाचले, असे तेव्हापासून मानले जाते. ज्या रात्री धरणावर पोती रचली जात होती, त्या रात्री खाली शहर झोपलेले होते. धोका ठाऊक असलेली माणसे आणि धोक्यात असलेली माणसे यांच्यामध्ये कित्येक किलोमीटरचे अंतर होते आणि ते वेळेत कापले गेले नाही.

चौकशीची कथाही तितकीच विदारक. पहिल्या आयोगाचे प्रमुख न्या. बावडेकर यांनी काम सुरू असतानाच आत्महत्या केली. मग न्या. नाईक यांच्या आयोगाने ते काम पुरे केले. शहराची घडी बसवण्यासाठी स. गो. बर्वे यांना पाठवण्यात आले. गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पूर ओसरल्यावर आणखी एक संकट उभे राहिले. खडकवासलाच फुटल्याने शहराचे नळ कोरडे पडले आणि लोकांना पुन्हा आड-विहिरींकडे वळावे लागले. एका रचनेवर सगळा भार टाकला की ती कोसळताना किती गोष्टी सोबत घेऊन जाते, याचा तो धडा होता. पुण्याने पुनर्वसन मोठ्या उमेदीने केले. धड्याचा हा भाग मात्र मागे राहिला.

निळी रेषा, लाल रेषा

नदीला किती जागा द्यायची याचे उत्तर कागदावर आहे. मुठेच्या दोन्ही काठांवर दोन पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा ६० हजार क्युसेकच्या पुराची, लाल रेषा एक लाखाच्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी घालून, जोते उंच ठेवून परवानगी, असा साधारण नियम.

आता २५ जुलै २०२४ची पहाट पाहा. आदल्या रात्रीपासून धरणक्षेत्रात आणि शहरात एकाच वेळी पाऊस कोसळत होता. खडकवासल्यातून सोडलेले पाणी पहाटे सुमारे ३५ हजार क्युसेकवर गेले. म्हणजे दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक जागे झाले तेव्हा पार्किंगमध्ये दुचाक्या बुडालेल्या होत्या, चारचाक्यांचे टप दिसत होते आणि जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात होत्या. अग्निशमन दलाच्या होड्या आल्या, नंतर लष्कराची तुकडी आली. पाणी किती सोडणार हे आम्हाला कोणी सांगितले नाही, ही रहिवाशांची तक्रार. इशारा वेळेवर दिला होता, हे प्रशासनाचे उत्तर. ऑगस्टच्या सुरुवातीला विसर्ग वाढला आणि लोकांना पुन्हा सामान उचलावे लागले.

निळी रेषा ६० हजारांची. घरात पाणी शिरले ३५ हजारांना. या दोन आकड्यांमधल्या फरकात पुण्याची गेली कित्येक वर्षे दडलेली आहेत. काठावर रात्री-अपरात्री रिकामे होणारे राडारोड्याचे डंपर, त्या भरावावर उभ्या राहिलेल्या शेड आणि मंगल कार्यालये, पात्रातले रस्ते, पुलांचे खांब, सांडपाण्याचा गाळ. विठ्ठलवाडीपासून महामार्गाकडे जाणारा रस्ता तर खुद्द पालिकेनेच पात्रात बांधायला घेतला होता. प्रकरण हरित लवादापुढे गेले आणि तो निळ्या रेषेबाहेर नेण्याचा आदेश झाला. वनाज-रामवाडी मेट्रोचा काही भाग पात्रातून नेण्यावरूनही असाच वाद लवादापुढे गेला. तिथे अटी घालून मार्ग मोकळा झाला. एकेका कामाने पाणी किती वाढेल याचे उत्तर दर वेळी 'नगण्य' असेच येते. सगळ्या नगण्यांची बेरीज करण्याचे काम कोणाकडेच नाही.

इशाऱ्याची भाषा हा आणखी एक अडथळा. पावसाळ्यात पुणेकरांच्या व्हॉट्सॲप गटांवर संदेश फिरत असतात: अमुक वाजता विसर्ग वाढवून इतके हजार क्युसेक करण्यात येत आहे, नदीपात्रात कोणी उतरू नये, सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे. अभियंत्याच्या दृष्टीने या संदेशात काही कमी नाही. पण तळमजल्यावर राहणाऱ्या आजींना २७ हजार क्युसेक म्हणजे काय? उंबरा की कंबर? कोणत्या विसर्गाला पाणी कोणत्या गल्लीत शिरते हे आता गणिताने सांगता येते आणि गेल्या काही पुरांनी ते प्रत्यक्षही दाखवले आहे. विजेच्या खांबांवर रंगाचे पट्टे मारून '२५ हजारांना इथवर, ३५ हजारांना इथवर' असे लिहायला फार पैसे लागत नाहीत. १९६१च्या पुराच्या खुणा पेठांतल्या काही जुन्या भिंतींवर लोकांनी स्वतःहून करून ठेवल्या होत्या. नव्या पुराची पट्टी लावणे तर त्याहून सोपे आहे.

२५ जुलै २०२४च्या त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत तिघे तरुण गेले. अंडा-भुर्जीची गाडी पाण्यातून हलवत असताना त्यांना विजेचा धक्का बसला. पुराच्या यादीत त्यांची नोंद झाली, पण जीव विजेने घेतला. पूररेषेतल्या इमारतींच्या मीटर-पेट्या तळमजल्यावरून वर नेणे, रस्त्यावरचे फीडर पिलर उंच करणे, विसर्ग ठरावीक मर्यादेपुढे गेला की त्या भागाची वीज आपोआप बंद करणे ही महावितरणच्या अभियंत्याला रोजच्या कामातली कामे. कोणाच्या पूर-आराखड्यात ती ठळकपणे नसतात, कारण पूर महावितरणच्या हद्दीत येत नाही.

दांडेकर पूल

धरण बाजूला ठेवले तरी पुणे बुडू शकते, हे पाहायचे असेल तर दांडेकर पुलावर यावे. पर्वतीच्या पायथ्याची ही दाट वस्ती. वरून मुठा उजवा कालवा जातो, खालून आंबिल ओढा.

२७ सप्टेंबर २०१८. पाऊस नाही, पूर नाही. भर दिवसा जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि पाणी खालच्या वस्तीत घुसले. पत्र्याची घरे, भांडी, शिलाई मशीन, मुलांची दप्तरे वाहून गेली. सिंहगड रस्त्यावर गुडघाभर पाणी. भिंत कशाने फुटली? केबलसाठी केलेल्या खोदाईने, की दुरुस्ती लांबवल्याने? पालिका आणि जलसंपदा यांची बोटे एकमेकांकडे वळली. तत्कालीन जलसंपदामंत्र्यांनी तर उंदीर, घुशी आणि खेकड्यांचीही नावे घेतली. घुशी आणि खेकडे कोणत्याच खात्याच्या आस्थापनेवर नसल्याने प्रश्न तिथेच मिटला.

वर्षभराच्या आत, २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री, कात्रजच्या डोंगरउतारावर तुफान पाऊस झाला आणि आंबिल ओढा आला. 'आला' हेच क्रियापद तिथली माणसे वापरतात. कात्रज, बालाजीनगर, पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल या सगळ्या पट्ट्यात त्याने भिंती पाडल्या, गाड्या उचलून एकमेकींवर रचल्या. त्या गाड्यांचेच बूच पुलांच्या मोऱ्यांना बसले आणि पाणी घरांकडे वळले. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून एकाच ठिकाणी अनेक जीव गेले. शहर आणि परिसर मिळून त्या रात्री वीसहून अधिक माणसे गेली. धरणाचा दरवाजा नाही, विसर्गाचा संदेश नाही. डोंगरावर पाऊस पडल्यापासून दारात पाणी येईपर्यंत लोकांच्या हातात फार थोडा वेळ होता.

आंबिल ओढ्याला पुण्याने हात लावला तो काही आज नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून या ओढ्याचा प्रवाह वळवण्यात आला आणि तळे झाले. त्याच तळ्यातल्या बेटावरच्या बागेची पुढे सारसबाग झाली. कात्रजला तलाव बांधून दगडी नळांतून पेठांच्या हौदांपर्यंत पाणी आणले गेले. ओढा वळवण्यात गैर काहीच नाही. पेशव्यांनी वळवला, पण त्याला जायला वाट ठेवली आणि थांबायला तळे दिले. आपण वाट अरुंद केली, काठावर सीमाभिंती बांधल्या आणि तळ्यांच्या जागी मैदाने व इमारती केल्या. त्यात वरच्या अंगाला टेकड्या फोडून निवासी संकुले झाली. जे पाणी मातीत मुरायचे ते आता काँक्रीटवरून थेट ओढ्यात येते.

२४ जून २०२१ला हीच वस्ती पुन्हा बातम्यांत आली. ओढ्याचे सरळीकरण आणि रुंदीकरण करण्यासाठी पालिकेने दांडेकर पुलाजवळची घरे पाडायला सुरुवात केली. ऐन पावसाळ्यात, कोविडच्या दिवसांत. बायका-पोरे जेसीबीसमोर उभी राहिली. त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आली. तीन वर्षांच्या आत एका वस्तीने कालवा सोसला, ओढा सोसला आणि शेवटी पूरनियंत्रणही सोसले. ओढा रुंद हवा, यात वाद नाही. पण वरच्या अंगाला ओढ्याला खेटून उभ्या असलेल्या सोसायटीच्या सीमाभिंतीला नोटीस आणि खालच्या अंगाच्या झोपडीला जेसीबी, असा हिशेब असेल तर धोका कमी होत नाही. तो फक्त गरिबाच्या नावावर चढतो.

हद्दीच्या कडेला

पाणी सोडून इतर आपत्तींकडे वळले तरी नकाशा फार बदलत नाही. २९ जून २०१९च्या मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत, पार्किंगमधल्या गाड्यांसकट, पलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. पंधरा जण गेले. बहुतेक बिहारमधून आलेले बांधकाम मजूर आणि त्यांची कुटुंबे. भिंत एकाची, शेजारचे खोदकाम दुसऱ्याचे, मजूर कंत्राटदाराचे. तीनच दिवसांनी आंबेगावात तसाच प्रकार घडला आणि सहा मजूर गेले. ७ जून २०२१ला पिरंगुटजवळ उरवड्याच्या रासायनिक कारखान्याला आग लागून १७ कामगार जळून गेले, त्यांतल्या बहुतांश महिला. डिसेंबर २०२३मध्ये तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या शेडमध्ये स्फोट झाला. १५ जून २०२५ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक आहे, असे फलकही होते आणि नव्या पुलाला मंजुरीही.

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोम या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. संशयित धरून दोनशेहून अधिक. संशयाची सुई विहिरीच्या दूषित पाण्याकडे गेली. त्यात ठळकपणे पुढे आलेली नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१मध्ये २३ गावांबरोबर पालिकेत आली. हद्दवाढीने पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. मालमत्ताकराची बिले गावांत लवकर पोचली. शुद्ध केलेले पाणी पोचायला मात्र वेळ लागला. तोही शहराला पाणी पुरवणाऱ्या धरणाच्या पायथ्याशी.

भिंत, कारखाना, पूल, विहीर. प्रत्येक घटनेचे कारण निराळे आहे, पण जागा एकाच जातीची: जिथे एका कार्यालयाची जबाबदारी संपते आणि दुसऱ्याची सुरू झालेली नसते. नव्याने पालिकेत आलेले गाव, एमआयडीसीच्या बाहेरची शेड, दोन प्लॉटमधली भिंत, गाव आणि पर्यटनस्थळ यांच्यामधला पूल. आणि मरणारा माणूस बहुधा असा, की त्याचे नाव त्या हद्दीच्या कोणत्याच मतदारयादीत नसते.

पैसा आहे, कायदा आहे

हे सगळे सरकारला दिसत नाही, असे नाही. २०२३मध्ये केंद्राने सात महानगरांच्या पूरनियंत्रणासाठी २,५०० कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात पुणे आहे. २०२५मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली. तिचे स्वागतच करायला हवे. पण पालिकेच्या हद्दीसाठी नेमलेल्या प्राधिकरणाला पानशेतच्या दरवाज्याविषयी, मुळशी तालुक्यातल्या डोंगरफोडीविषयी, उरवड्याच्या कारखान्याविषयी काय अधिकार असणार? मुळेला पाणी येते ते टाटांच्या मुळशी धरणातून, पवनेचे पिंपरी-चिंचवडमधून, आणि संगमाच्या पुढे सगळे एकत्र होते. मुळेला पूर असला की मुठेचे पाणी संगमाशी तुंबून मागे सरते. प्राधिकरण हवे ते खोऱ्याचे. नुसते शहराचे करून भागणार नाही.

दुसरीकडे मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठावर नदीकाठ सुधार योजनेचे काम सुरू आहे. बांध घातल्याने पूर आटोक्यात राहील, हे पालिकेचे म्हणणे. पात्र आवळले जाऊन पाण्याची पातळी वाढेल, हे पर्यावरण कार्यकर्त्यांचे. या वादात सामान्य माणसाने विचारावा असा प्रश्न एकच: २०२४चे ३५ हजार क्युसेक बांध पुरे झाल्यावर एकतानगरीत कुठवर चढतील? उत्तर फुटात द्या.

धोका कमी करण्याचे काम दिसायला नीरस असते. होडीतून आजींना बाहेर काढणाऱ्या जवानाचा फोटो छापून येतो. मोरीतला गाळ मेमध्ये काढला म्हणून ओढा तुंबला नाही, याचा फोटो निघत नाही. नालेसफाईची बिले निघतात, गाळ कुठे टाकला हे कोणी विचारत नाही, आणि अनेकदा तो काठावरच असतो, पहिल्या पावसात परत आत यायला. त्यामुळे निवडून आलेल्या माणसाला बचावाचा मोह होतो, प्रतिबंधाचा होत नाही. परवानगी नाकारणारा अधिकारी तर कोणालाच नको असतो. पुण्याच्या टेकड्यांवरचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण वर्षानुवर्षे ओढाताणीत आहे, ते याच कारणाने. टेकडीवर न झालेले बांधकाम हा ओढ्याचा सगळ्यात स्वस्त पूरनियंत्रण प्रकल्प आहे. पण त्याचे उद्घाटन करता येत नाही.

धरणे किती आणि केव्हा भरायची, याचा जलाशय परिचलन आराखडा असतो. त्यात पुरासाठी जागा मोकळी ठेवायची म्हटले की दौंड-इंदापूरचा शेतकरी आणि पुण्याचा नळ या दोघांनाही धास्ती वाटते, कारण नंतर पाऊस आला नाही तर? ही धास्ती खोटी नाही. पण मग कोणत्या आठवड्यात किती जोखीम कोणासाठी घ्यायची, हा निर्णय उघडपणे व्हायला हवा. नियंत्रण कक्षातल्या अभियंत्याच्या एकट्याच्या माथी तो मारून चालणार नाही.

पुण्याकडे माणसांची ताकद आहे. गल्लीगल्लीत गणेश मंडळे आहेत. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कोणाकडे ट्रॅक्टर आहे, कोण पट्टीचा पोहणारा आहे, हे मंडळाच्या कार्यकर्त्याला वॉर्ड ऑफिसपेक्षा चांगले ठाऊक असते. विसर्जनाच्या दिवशी लाखोंची गर्दी सांभाळणाऱ्या या पोरांना पावसाळ्याआधी दोरखंड, लाइफ जॅकेट आणि रीतसर प्रशिक्षण मिळाले, तर पहिला तास हातचा जाणार नाही. पण मंडळाच्या पोराने दाखवलेल्या धाडसाच्या आड प्रशासनाची कागदी जबाबदारी लपता कामा नये.

म्हणून मागणी मोठ्या प्रकल्पाची नको, तीन कागदांची हवी. पहिला, विसर्ग आणि गल्ली यांचा तक्ता: किती क्युसेकला पाणी कुठे आणि कोणत्या उंचीपर्यंत. दुसरा, ओढ्यांच्या, भिंतींच्या, पुलांच्या आणि ज्वालाग्राही शेडच्या धोकादायक जागांची यादी. प्रत्येक जागेपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि दुरुस्तीची तारीख. तिसरा, पूररेषेत आणि टेकडीवर वर्षभरात दिलेल्या आणि नाकारलेल्या परवानग्यांचा ताळेबंद. तिन्ही कागद खोऱ्यासाठी एकत्र, पालिका, पीएमआरडीए, जलसंपदा आणि जिल्हाधिकारी यांच्या सह्यांनी, दर वर्षी मे महिन्यात जाहीर झाले पाहिजेत. त्याने पाऊस कमी होणार नाही आणि धरणही मोठे होणार नाही. पण पुढच्या वेळी पार्किंगमध्ये पाणी चढले, भिंत पडली किंवा विहिरीचे पाणी बाधले, तर 'ते आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर द्यायला कोणाला जागा राहणार नाही.